ब्रसेल्सचं चॉकलेट आणि आईचे साचे

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ना' बरेचसे काढले आहेत, सगळे नाही निघाले.)

मागच्या भागानंतर जवळजवळ दीड महिना गायब होते, त्याबद्दल आधी सॉरी. ऑफिसमध्ये रिलीज होतं. ज्यांना रिलीज म्हणजे काय ते माहितीये, त्यांना पुढचं सांगायला नको.

आज चॉकलेटबद्दल बोलायचंय. हातानं केलेलं, जुन्या दुकानात काचेमागे मांडलेलं, आणि ज्याची किंमत ऐकून आपण मनातल्या मनात रुपयांचा गुणाकार करतो, ते चॉकलेट. ऑक्टोबर २०२४ ते एप्रिल २०२५ मी ऑनसाइट होते, ब्रसेल्सला. गेल्या गेल्या सगळे करतात तेच केलं. ग्राँ प्लासच्या आजूबाजूच्या गल्ल्यांमधून फिरले, पर्यटकांसाठीची दुकानं बघितली, पाच पाकिटांवर एक फुकट वगैरे. त्यातली दोन पाकिटं टीमसाठी घेतली. बरी होती. त्याबद्दल याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही.

पण तिथून चार मिनिटं चाललं की एक काचेच्या छताचा लांबच लांब पॅसेज लागतो, सेंट ह्यूबर्टच्या गॅलऱ्या. १८४७ साली उघडलेल्या. त्यातल्या राणीच्या नावाच्या भागात नॉयहाऊसचं मूळ दुकान आहे. याची गोष्ट मला फार आवडली, कारण ती औषधाच्या दुकानापासून सुरू होते. स्वित्झर्लंडहून आलेल्या जाँ नॉयहाऊसनं १८५७ मध्ये तिथे औषधाचं दुकान टाकलं आणि कडू औषधांवर चॉकलेटचा थर द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे आई मधात गोळी चुरडून देते ना, तोच हिशोब. पुढे १९१२ साली त्याच्याच नावाच्या नातवानं आतलं औषध काढून टाकलं आणि तिथे मऊ गोड सारण भरलं. बेल्जियममध्ये त्याला प्रालीन म्हणतात. फ्रान्समध्ये प्रालीन म्हणालात तर साखरेत घोळवलेले बदाम मिळतील, हा गोंधळ मी प्रत्यक्ष घालून आलेय.

आणि मग १९१५. आत्तापर्यंत चॉकलेटं कागदाच्या पुडीत मिळायची, आपल्या शेंगदाण्याच्या पुडीसारखी. साहजिकच खालची चेपायची. त्या नातवाची बायको, लुईझ अगोस्तिनी, हिनं पुठ्ठ्याचा घडीचा खोका काढला. त्याला बॅलोतॅं म्हणतात. आजही बेल्जियममधली बरीचशी दुकानं त्याच आकाराच्या खोक्यात चॉकलेट देतात. नवऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत, पण मला विचाराल तर धंदा त्या खोक्यानं उभा केला. पॅकेजिंग हे काम घरात कोण करतं ते मला चांगलं माहितीये. त्यावर येतेच.

माझं आवडतं दुकान मात्र हे नव्हतं. ऑफिसमधून घरी जाताना ट्राम बदलायच्या ठिकाणी एक छोटं दुकान होतं. नाव सांगत नाही, छोटी माणसं आहेत. लाकडी कपाटं, संगमरवरी काउंटर, आणि पांढरे हातमोजे घातलेल्या एक साठीच्या बाई. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारले. कुणासाठी हवंय, आणि कधी खाणार? मी म्हटलं, आईसाठी, तीन आठवड्यांनी कुणीतरी भारतात जातंय त्याच्याबरोबर पाठवणार. बाईंनी मानेनंच नाही म्हटलं. क्रीम घातलेलं सारण तेवढं टिकत नाही, तेव्हा परत या, म्हणाल्या. गिऱ्हाईक दारात, हातात कार्ड, आणि बाई विकायला तयार नाहीत! पुण्यात असं कुणी वागलं तर आपण त्यावर विनोद करतो. इथे मी निमूटपणे बाहेर आले.

क्रीम आणि चॉकलेट एकत्र करून जे सारण होतं ते गनाश. त्यात पाणी असतं, म्हणून ते लवकर खराब होतं. भाजलेल्या हेझलनटची साखरेबरोबर वाटलेली पेस्ट असते त्यात पाणी जवळजवळ नसतं, म्हणून ती बरीच टिकते. शेवटी एप्रिलमध्ये मी स्वतः निघाले तेव्हा बाईंनी जास्त करून तीच निवडून दिली. चिमट्यानं एकेक उचलून, जड खाली, नाजूक वर. २५० ग्रॅमचे २४ युरो. हो, केला मी गुणाकार.

आता इंजिनीयरचा स्वभाव. एवढे पैसे दिल्यावर हे बनतं कसं ते बघायलाच हवं. म्हणून मार्चमध्ये एका शनिवारी दोन तासांच्या वर्कशॉपला गेले. आणि तिथे माझा पहिला भ्रमनिरास झाला. मागच्या खोलीत कॅलेबोच्या पिशव्या रचलेल्या. आत चॉकलेटचे छोटे छोटे दाणे. मी शिकवणाऱ्याला विचारलं, म्हणजे तुम्ही चॉकलेट विकत आणता? तो हसला. कोकोच्या बिया भाजून, दळून चॉकलेट तयार करणारा वेगळा, आणि त्या चॉकलेटपासून प्रालीन घडवणारा वेगळा. ब्रसेल्समध्ये पिएर मार्कोलिनीसारखे बियांपासून सुरुवात करणारे आहेत, पण बहुतेक दुकानं चॉकलेट बाहेरून घेतात. वीझ नावाचं गाव आहे, ब्रसेल्सपासून फार लांब नाही, तिथल्या प्रचंड कारखान्यातून ते येतं.

मला क्षणभर फसवल्यासारखंच वाटलं. 'हस्तनिर्मित' म्हणजे मग काय? आपण लायब्ररी वापरून ॲप करतो आणि 'मी बनवलं' म्हणतो, तसं? पण मग त्यानं कामाला सुरुवात केली, आणि मी गप्प बसले.

कोकोचं लोणी, म्हणजे कोको बटर, थंड होताना सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं. आपल्याला हवा असतो फक्त पाचवा. तो चकाकतो, मोडताना कटकन आवाज करतो, आणि साधारण ३४ अंशाला वितळतो, म्हणजे बोटांवर थोडा वेळ तग धरतो आणि जिभेवर ठेवला की जातो. बाकीचे प्रकार मऊ, मळकट, नाहीतर पांढऱ्या डागांचे. तर डार्क चॉकलेट आधी ४५–५० अंशांवर पूर्ण वितळवायचं, म्हणजे जुने सगळे स्फटिक पुसले जातात. मग २७–२८ पर्यंत उतरवायचं, आणि परत ३१–३२ वर आणायचं, म्हणजे नको असलेले वितळतात आणि हवा तो उरतो. यालाच टेम्परिंग म्हणतात. तो माणूस हे संगमरवरावर करत होता. दोन तृतीयांश चॉकलेट दगडावर ओतलं, पट्टीनं पसरलं, गोळा केलं, पसरलं, गोळा केलं, आणि थर्मामीटर न बघता ओठाखाली थेंब लावून म्हणाला, झालं. मी थर्मामीटर लावून बघितला. २८.

मग साचा. काठोकाठ भरायचा, टेबलावर आपटून बुडबुडे काढायचे, उलटा करून जास्तीचं ओतून द्यायचं, की आत पातळ कवच राहतं. ते गोठलं की सारण, वरून झाकण, आणि परत गोठवणं. टेम्परिंग बरोबर असेल तर चॉकलेट आकसतं आणि साचा उलटा केल्यावर आपोआप सुटतं. चुकलं असेल तर नुसतं खरडत बसा. माझ्या साच्यातली निम्मी अडकली.

आणि साचा टेबलावर आपटल्याचा तो टकटक आवाज ऐकला तेव्हा मला एकदम आमचं नाशिकचं स्वयंपाकघर दिसलं.

सातवीत होते मी. अंबडच्या ज्या कंपनीत बाबा होते ती बंद पडली, आणि दीड वर्ष पगार नव्हता. आईनं गल्लीतल्या एका काकूंकडे 'होममेड चॉकलेट'चा तीन दिवसांचा क्लास केला. ज्यांचं बालपण त्या काळातलं आहे त्यांना आठवेल, दर दोन सोसायट्यांमागे एक तरी काकू चॉकलेट करायच्या. बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानातून डार्क आणि मिल्कच्या अर्ध्या किलोच्या लाद्या आणायच्या, पातेल्यातल्या उकळत्या पाण्यावर भांडं ठेवून वितळवायच्या, काजू किंवा गुलकंद घालायचा, बदाम-गुलाब-शंखाच्या साच्यात ओतून आपटायचं, दहा मिनिटं फ्रीज, आणि लाल-जांभळ्या चमकत्या कागदात गुंडाळायचं. गुंडाळणं माझं काम. तेव्हा मला ते अजिबात आवडायचं नाही. पुठ्ठ्याचे खोके रात्री जागून आई स्वतः कापायची. माझ्या क्लासची फी कशातून गेली ते मला नंतर कळलं.

तर एप्रिलमध्ये मी परत आले. केबिन बॅगेत, जॅकेटमध्ये गुंडाळून तो खोका आणला. नाशिकला ३८ अंश. आईनं एक प्रालीन हातात घेतलं, आणि खाण्याआधी उलटं केलं. खालची बाजू बघितली. म्हणाली, "तळ बघ किती साफ आहे. एक बुडबुडा नाही."

आणि मी काय केलं? मी लेक्चर दिलं. कोको बटर, पाचवा स्फटिक, सगळं. आणि मग, "आई, तू करायचीस ना ते खरं तर चॉकलेट नव्हतंच. त्याला कंपाउंड म्हणतात. त्यात कोको बटरच्या जागी वनस्पती तेलाची चरबी असते."

आई म्हणाली, "बरं." खोक्याचं झाकण लावलं आणि फ्रीजमध्ये ठेवला.

माहिती चुकीची नव्हती, मंडळी. पण त्या 'बरं'नंतर दोन दिवस घरात मी नक्की काय बोलले होते तेच घुमत होतं. तिसऱ्या दिवशी ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला तेव्हा कुणी सांगितलंच नाही की दुसरं काही असतं. आणि सांगितलं असतं तरी तुझं ते खरं चॉकलेट मे महिन्यात डिलिव्हरीला कसं पोचवलं असतं? माझ्याकडे ना एसी, ना गाडी. बाबांच्या स्कूटरवर जायचं ते."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. कंपाउंडला टेम्परिंग लागत नाही, आणि ते आपल्या उन्हात उभं राहतं. दिलेल्या परिस्थितीत तिनं योग्य मटेरियल वापरलं होतं. ब्रसेल्सचा तो माणूस पिशवीतून दाणे काढत होता, ही लादी फोडत होती. माझा 'हस्तनिर्मित'चा सगळा कडकपणा आईच्याच वाट्याला आला होता, त्याच्या नाही.

खरं-खोटं काढायला बसलंच, तर ते या दोघांच्या मागे जाऊनही काढावं लागेल. मी तिथे असतानाच, डिसेंबर २०२४ मध्ये, न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला. त्याआधी कित्येक वर्षं तो दोन-तीन हजारांच्या आसपास असायचा. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घानामधून येतो. तिथे हवामान बिघडलं, झाडं म्हातारी, त्यात रोग. आणि शेतकऱ्याचा भाव सरकार हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवतं, त्यामुळे बाजारातली ती उडी त्याच्यापर्यंत तशीच्या तशी पोचत नाही. कांद्याच्या जिल्ह्यातली आहे मी, मला हे वेगळं समजवावं लागलं नाही. ट्रामच्या दुकानातल्या बाईंनी जानेवारीत भाव वाढवले तेव्हा पाटीसुद्धा लावली नाही, प्रत्येकाला तोंडानं सांगत होत्या.

असो. गेल्या डिसेंबरात मी सुट्टीला नाशिकला गेले तेव्हा दोन किलो कूव्हर्चर घेऊन गेले, म्हणजे जास्त कोको बटर असलेलं चॉकलेट. आणि एक थर्मामीटर. माफी वगैरे मागितली नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. ओट्यावर ठेवलं फक्त.

आई म्हणाली, पहाटे करू, तेव्हा गार असतं. साडेपाचला उठलो. खोलीत १९ अंश. पहिल्या खेपेला तिनं सवयीनं उकळत्या पाण्यावर भांडं ठेवलं, वाफ आत गेली आणि सगळ्याचा दगडासारखा गोळा झाला. दुसऱ्या खेपेला मी थर्मामीटर धरून सूचना देत होते, आणि डाग पडले. तिसऱ्या खेपेला तिनं मला बाजूला व्हायला सांगितलं. ओटा आमचा कडाप्प्याचा, संगमरवराचा नाही, पण पहाटेचा गारच होता. पोळीच्या उलथन्यानं पसरत होती, गोळा करत होती. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवलं, तीन-चार मिनिटांत ते चकाकत गोठलं.

माळ्यावरून जुने साचे काढले होते, गुलाबाचे. भरून तिनं ते ओट्यावर आपटले, तोच टकटक आवाज. बाबा आतून ओरडले, "काय चाललंय पहाटे पहाटे?" कुणी उत्तर दिलं नाही.

अर्ध्या तासानं साचा ताटावर उलटा केला. चोवीसपैकी तेवीस गुलाब खाली पडले. आईनं उरलेल्या एका खळग्यात बोट फिरवलं आणि म्हणाली, "इथे ओरखडा आहे. साचा बदलायला हवा."

नवीन साचे मागवलेत. आले की सांगते. चला, भेटू पुढच्या भागात.