दिसलं का?

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे, हे आपण शाळेतच शिकतो. सारख्या कामाच्या पेशी एकत्र आल्या की ऊती होते आणि ऊती मिळून अवयव. ऊतींची ही बारीक रचना सांगणारं शास्त्र म्हणजे ऊतिशास्त्र, अर्थात हिस्टॉलॉजी. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्याच वर्षी शिकावं लागतं.

पद्धत जुनी आहे. अवयवाचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे सुमारे ५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतके पातळ काप काढायचे आणि काचपट्टीवर रंगवायचे. हिमॅटॉक्सिलिनमुळे पेशीचं केंद्रक निळं-जांभळं दिसतं, इओसिनमुळे बाकीचा भाग गुलाबी. मग डोळा सूक्ष्मदर्शकाला लावायचा.

अडचण येते ती इथे. नळीतून एका वेळी एकालाच दिसतं. शिक्षक विचारतात, "मूत्रपिंडातला केशवाहिन्यांचा गुच्छ दिसला का?" विद्यार्थी म्हणतो, "दिसला, सर." त्याने गुच्छ पाहिला की शेजारची नलिका, हे सरांना कसं कळणार? शिवाय प्रत्येकाची काचपट्टी वेगळी. कुणाची फुटकी, कुणाची रंग उडालेली.

डिजिटल सूक्ष्मदर्शनाने नेमकी ही कोंडी फोडली. स्कॅनर काचपट्टीची तुकड्यातुकड्याने छायाचित्रं घेतो आणि संगणक ती सांधून एकसंध चित्र करतो. एक ठिपका पाव मायक्रॉनचा धरला, तर दीड सेंटिमीटर लांब-रुंद कापाचं चित्र तब्बल ३६० कोटी ठिपक्यांचं होतं! ते नकाशासारखं सरकवायचं, हवं तिथे मोठं करायचं. साऱ्या वर्गासमोर एकच काप असतो. कुणी भलतीकडे बोट दाखवलं, तर ते का चुकलं यावर तिथल्या तिथे बोलता येतं. २०२० साली करोनामुळे महाविद्यालयं बंद झाली, तेव्हा अशी चित्रं घरबसल्या पाहता आली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर २०१७ मध्ये अशा एका यंत्रणेला प्राथमिक रोगनिदानासाठीही प्रथमच मान्यता दिली.

मग सूक्ष्मदर्शक अडगळीत टाकायचा का? मुळीच नाही. स्कॅन केलेलं चित्र बहुधा एकाच पातळीवरचं असतं. बारीक चाक फिरवत कापाच्या खोलीत उतरणं त्यात जमत नाही. आणि हिवतापाचा परजीवी शोधताना आजही रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली जाते. तो हात बसायला हवा.

दुसरा धोका बाणांचा आहे. नावं आणि बाण असलेलं चित्र चटकन पाठ होतं, पण रुग्णाच्या कापावर कुणी बाण काढून ठेवत नाही. म्हणून आधी बिननावाचं चित्र द्यावं. विद्यार्थ्याने ते गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलीने स्वतः वहीत काढावं आणि मगच नावं उघडावीत.

श्रोतेहो, उद्या आपल्याच घरातल्या कुणाची गाठ तपासायला जाईल, तेव्हा ती पाहणाऱ्याला निरोगी ऊती ओळखता आली पाहिजे. त्याशिवाय रोग ओळखता येत नाही. "दिसलं का?" या प्रश्नाला पहिल्या वर्षीच खरं उत्तर मिळायला हवं, ते यासाठी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)