कोलाचे बी : पोषण किती, उत्तेजन किती?



पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया देशात इग्बो लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या घरी पाहुणा आला, म्हणजे प्रथम कोलाचे बी पुढे केले जाते. वडीलधारा माणूस ते हाती घेऊन पूर्वजांचे स्मरण करतो. मग ते फोडून सर्वांना वाटतात. कामाचे बोलणे त्यानंतर. चिनुआ अचेबे ह्यांच्या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ह्या कादंबरीत ओकोये नावाचा धनको उनोकाकडे दोनशे कवड्यांचे कर्ज मागण्यास येतो. पण आधी कोला फुटतो, आणि मगच कर्जाची गोष्ट निघते. आपल्याकडे पानसुपारीचा जो मान, तोच तेथे कोलाचा.

हे बी सदाहरित वृक्षाचे असून तो वृक्ष कोकोचा नातलग आहे. त्याच्या दोन जाती विशेष प्रसिद्ध आहेत. ‘कोला निटिडा’च्या बीला दोन दले असतात, तर ‘कोला ॲक्युमिनाटा’च्या बीला दोनांहून अधिक. रंग पांढरा, गुलाबी किंवा तांबडा. हा वृक्ष दमट अरण्यातला. परंतु बीचे चाहते उत्तरेकडील कोरड्या मुलखात फार. म्हणून हौसा व्यापारी असांटे प्रदेशातून, म्हणजे आजच्या घानातून, ओल्या पानांत गुंडाळलेली कोलाची बी कानोसारख्या शहरांपर्यंत तांड्यांनी नेत असत. मद्य निषिद्ध मानणाऱ्या मुसलमान समाजात ह्या उत्तेजक पदार्थास मोठी मागणी होती.

बी चावली की प्रथम कडू व तुरट लागते. मात्र मागाहून पाणी प्यावे तर ते गोड भासते. आवळा खाणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. तुरटपणा टॅनिन व कॅटेचिन ह्या द्रव्यांचा, आणि कडवटपणा बव्हंशी कॅफीनचा. ताज्या बीचा काप हवेत ठेवला, तर ही तुरट द्रव्ये हवेतील प्राणवायूशी संयोग पावतात आणि काप तपकिरी होतो. चहाच्या पानांचा रंग पालटतो, तोही अशाच क्रियेने.

आता घटकांकडे वळू. ताज्या बीत निम्म्याहून अधिक पाणीच असते. वाळविलेल्या बीत सर्वांत मोठा वाटा पिष्टाचा, सुमारे चाळीस टक्के वा अधिक. प्रथिने नऊ टक्क्यांच्या आसपास. स्निग्धांश अगदी अल्प. शिवाय तंतू व काही क्षार. कॅफीन साधारणतः दोन टक्के, आणि कोकोत आढळणारे थिओब्रोमीन अत्यल्प. हे आकडे नमुन्यागणिक थोडेफार बदलतात.

असा तक्ता वाचून कोणासही वाटेल, की हे तर उत्तम अन्न! येथेच फसगत होते. अन्नाचे मोल टक्क्यांवर नव्हे, खाण्यात येणाऱ्या प्रमाणावर ठरते. दहा ग्रॅम वजनाची एक ताजी बी घ्या. पाणी वजा जाता चार ग्रॅम उरतात. त्यांत पिष्ट दीड-पावणेदोन ग्रॅम व प्रथिने अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. म्हणजे पोषण आठ-दहा उष्मांकांचे. शंभर ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतून तीनशेहून अधिक उष्मांक मिळतात. उलट त्याच चार ग्रॅमांत कॅफीन सुमारे ऐंशी मिलिग्रॅम असते, जवळजवळ एक पेला कॉफीइतके. तात्पर्य, पोषण घासाचेही नाही, आणि उत्तेजन मात्र पेलाभर.

हे उत्तेजन येते कोठून? आपण जागे असता मेंदूत ॲडेनोसीन नावाचे द्रव्य साचत जाते व ते थकव्याची जाणीव देते. कॅफीन त्याच्या जागा अडवून बसते. म्हणून थकवा जाणवत नाही. परंतु तो गेलेला नसतो. वाटसरू, मजूर व रात्रीचे पहारेकरी भूक आणि थकवा मारण्यासाठी कोला चघळत आले आहेत. भूक निमाली असे वाटते, शरीर मात्र उपाशीच असते. टॅनिनमुळे वनस्पतिजन्य अन्नातील लोह अंगी लागण्यातही अडथळा येतो. जेथे पोटभर अन्नाची वाण आहे, तेथे ह्या गोष्टी क्षुल्लक नव्हेत.

युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली निरोगी प्रौढास दिवसाकाठी चारशे मिलिग्रॅमपर्यंत, व गर्भवतीस दोनशेपर्यंत कॅफीन चिंताजनक नसल्याचे म्हटले आहे. वरील हिशेबाने गर्भवतीची मर्यादा अडीच बियांतच संपते, चहा-कॉफी वेगळी.

ह्या बीचे नाव आज जगभर पोहोचले ते पेयांमुळे. १८८६ साली अटलांटा येथील औषधविक्रेते जॉन पेंबर्टन ह्यांनी कोका-कोला तयार केले, आणि कोला हा शब्द घरोघरी गेला. आज अनेक कोला-पेयांत ही बी नसतेच. कॅफीन निराळे घातलेले असते आणि साखर भरपूर. बीत जे थोडे पिष्ट व प्रथिन होते, तेही मागे राहिले.

पाहुण्याचा मान म्हणून, सोबतीची खूण म्हणून कोलाची थोरवी निर्विवाद आहे. ती अन्नात मात्र मोजू नये. ओकोयेसमोर कोला फुटला, पण उनोकाने त्याचे कर्ज काही फेडले नाही. शरीराच्या थकव्याचेही तसेच आहे. कोला त्याची मुदत वाढवून देतो. ते देणे फिटते ते भाकरीने आणि झोपेनेच.