आकाशातून छायाचित्रण : छंद आणि दक्षता

१८५८ साली नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने फुग्यातून आकाशात जाऊन पृथ्वीचे छायाचित्र घेण्याचा प्रयत्न केला. अनेक उड्डाणे झाली. परंतु काच प्रत्येक वेळी काळीच निघे. कॅमेऱ्यात दोष नव्हता. फुग्याच्या तोंडातून झिरपणारा वायू काचेवरील रासायनिक लेप बिघडवीत होता. हे ध्यानात येताच त्याने फुग्याचे तोंड बंद ठेवले आणि पॅरिसजवळच्या एका खेड्याचे पुसट का होईना, पण चित्र उमटले.

आज ड्रोनमुळे हे काम शाळेतील शिक्षकाच्या किंवा एखाद्या हौशी तरुणाच्याही आवाक्यात आले आहे. साधन बदलले, पण नादारच्या अनुभवाचा बोध कायम आहे. हवेत दिसणाऱ्या बहुतेक बिघाडांचे मूळ उड्डाणापूर्वीच्या तयारीत असते.

उड्डाणापूर्वी

पात्यांवर बारीकशी चीर असली तरी यंत्र थरथरते आणि चित्रात लाटा उमटतात. म्हणून प्रत्येक पाते बोट फिरवून तपासावे व चिरलेले पाते बदलावे. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. जीपगाडी, लोखंडी पत्रा किंवा स्लॅबमधील सळया यांच्या सान्निध्यात ड्रोनचे होकायंत्र चुकते व यंत्र भरकटते. त्यासाठी मोकळे मैदान निवडावे. धुरळा उडू नये म्हणून खाली जाड सतरंजी अंथरावी व ती वाऱ्याने उडणार नाही अशी बेताने दाबून ठेवावी. उपग्रहांचे संकेत स्थिर झाल्यावर आणि परतीचे ठिकाण नोंदले गेल्यावरच उड्डाण करावे. आपोआप परत येण्याची उंची परिसरातील सर्वांत उंच झाड वा मनोरा यांच्याहून अधिक ठेवावी.

चित्र घेताना

सकाळी व सायंकाळी तिरप्या उन्हात सावल्या लांबतात. शेतांचे बांध, ओढे, जुने तट उठून दिसतात. मात्र अनेक चित्रे जोडून गावाचा सलग आराखडा करावयाचा असल्यास सूर्य माथ्यावर असतानाची वेळ बरी. अशा वेळी कॅमेरा सरळ खाली रोखावा, उंची एकच ठेवावी आणि पुढील चित्रात मागील चित्राचा सुमारे तीन चतुर्थांश भाग यावा. हा भाग कमी पडला तर चित्रे जुळत नाहीत.

स्थिर चित्रासाठी शटरचा वेग जलद ठेवावा. आकाश किंवा पाणी पांढरेफटक येत असेल तर प्रकाश थोडा कमी घ्यावा. कारण अंधारलेला भाग नंतर उजळता येतो, जळालेला भाग परत मिळत नाही. क्षितिज कलते दिसल्यास ड्रोन सपाट जागी ठेवून कॅमेऱ्याची झुलती चौकट पुन्हा समतोल करावी. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे दोषाचे कारण निश्चित कळते.

जाताना वाऱ्याविरुद्ध जावे, म्हणजे परतताना वाऱ्याचे साहाय्य मिळते. बॅटरी तीस टक्क्यांवर येताच माघारी फिरावे. पाण्यावरून अगदी खालून उडवू नये. हलत्या, चकाकत्या पृष्ठभागामुळे खालील संवेदक फसतात. घार झेप घेऊ लागल्यास तो परिसर सोडावा. ते आकाश प्रथम तिचे आहे.

नियम व जबाबदारी

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन अतिसूक्ष्म, तर त्यापुढे दोन किलोपर्यंतचे सूक्ष्म गणले जातात. अतिसूक्ष्म ड्रोनसाठी, तसेच व्यावसायिक हेतूवाचून वापरल्या जाणाऱ्या सूक्ष्म ड्रोनसाठी चालक प्रमाणपत्र लागत नाही. हिरव्या क्षेत्रात कमाल ४०० फुटांची मर्यादा आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फूट होते. पिवळ्या व लाल क्षेत्रांत परवानगीवाचून उड्डाण करता येत नाही. तेव्हा प्रत्येक वेळी नकाशा व स्थानिक मनाई आदेश पाहणे अगत्याचे आहे.

जत्रेच्या गर्दीवरून ड्रोन नेणे हे धाडस नव्हे, अविचार होय. दोन किलोंचे यंत्र कोसळले तर प्राणावर बेतू शकते. दुसऱ्याच्या अंगणात डोकावण्याचा अधिकारही या छंदाने मिळत नाही.

पंचायतींनी आणखी एक भेद जाणावा. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे मोजमाप ड्रोननेच होते. पण त्यामागे जमिनीवरील खुणा, अचूक संदर्भबिंदू आणि हरकतींची सुनावणी असते. हौशी चित्राच्या आधारे कोणाच्या हद्दीचा वाद मिटवू नये.

तथापि अशा चित्राचे मोल कमी नाही. गावच्या तलावाचे एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून मे महिन्यात व पावसाळ्यानंतर चित्र घेतले, तर गाळ कोठे साचला व पाणी कोठवर आले हे ग्रामसभेला एका दृष्टिक्षेपात उमगते. चित्रासोबत तारीख, वेळ, उंची, वारा आणि आढळलेला दोष वहीत लिहून ठेवावा. ती वही पुढच्या उड्डाणाचा मार्ग दाखवील आणि वर्षावर्षांची चित्रे गावाचा विश्वासार्ह दस्तऐवज ठरतील.