सगळ्यांचा हात वर असताना

साकोली तालुक्यातल्या सानगडीसारख्या धानाच्या गावात रोवणीसाठी बियाणं घेताना माणूस आधी शेजाऱ्याने कोणतं घेतलं ते विचारतो. यात शहाणपण आहे, दुसऱ्याचा अनुभव आपल्या कामी येतो. पण स्वतःला वेगळं पटलेलं असूनही आपण केवळ सगळ्यांनी केला म्हणून हात वर करतो, तेव्हा मामला गंभीर होतो.

अमेरिकेत १९५० च्या दशकात सॉलोमन ॲश यांनी लोकांना रेघांची लांबी ओळखायला सांगितली. गटातले बाकीचे आधी ठरवून चुकीचं उत्तर देत. डोळ्यांना खरं दिसत असूनही सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी एकदा तरी गटाच्या चुकीला होकार भरला. मात्र गटातला एक जण जरी खरं बोलला, तरी ही मान डोलावणी झपाट्याने कमी झाली. मला या प्रयोगातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

गटापुढे खरं बोलण्याची ही अडचण आपल्या महाराष्ट्राने ओळखली आहे. गावातलं दारूदुकान बंद करण्यासाठी महिला चिठ्ठीवरच्या ‘आडव्या बाटली’च्या चिन्हाला मत देतात, तेही गुप्तपणे. घरातले, शेजारचे, दुकानदाराचे नातेवाईक समोर बसलेले असताना उघड हात वर करणं किती बायांना जमेल? चिठ्ठीवर मात्र प्रत्येकीचं मत तिचंच राहतं. एक गोष्ट लक्षात ठेवा: बाटली आडवी व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे घरी राहिलेल्या बाईचं न दिलेलं मतही दुकानाच्याच पथ्यावर पडतं.