भूसंपादन आणि आपला समाज
(वैशाखरे येथील वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



भूसंपादनासारख्या रूक्ष विषयावर चार शब्द बोलावेत, अशी संघाच्या कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. ती आम्ही आनंदाने शिरोधार्य मानली. शिक्षण, वसतिगृहे, लग्नकार्यातील खर्च यांविषयी या व्यासपीठावरून दरवर्षी बोलले जाते व ते योग्यच आहे. परंतु ज्या जमिनीच्या आधारावर आपली घरे उभी राहिली, ती जमीनच हातची जाण्याचा प्रसंग येतो, तेव्हा काय करावे, याचा विचार आपण एकत्र बसून क्वचितच केला आहे.

आपण नाणेघाटाच्या पायथ्याशी बसलो आहोत. सातवाहनांच्या काळापासून कोकणातील माल याच वाटेने जुन्नरकडे चढत असे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखविला जातो. व्यापार आपल्या मुलखाला परका नाही आणि त्याच्याशी आपले वैरही नाही. राजा मालावर जकात घेई. आताचे सरकार कारखानदारासाठी, व्यापारी वसाहतीसाठी शेतकऱ्याची जमीनच घेते. शाळेसाठी वा दवाखान्यासाठी जमीन घेणे निराळे. एकाची जमीन सक्तीने घेऊन दुसऱ्याच्या धंद्यास देणे निराळे. त्यात सार्वजनिक हित किती आणि खाजगी नफा किती, हे विचारण्याचा अधिकार जमीन देणाऱ्याला असलाच पाहिजे.

हा प्रश्न महाराष्ट्राने फार पूर्वी विचारला. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कंपन्यांसाठी जमीन घेण्याची स्वतंत्र तरतूद होती. १९२१ साली मुळशी पेट्यात टाटांच्या वीजप्रकल्पाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला व सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व करून कारावास भोगला. त्या लढ्यातील एक गोष्ट आपण विशेष ध्यानात ठेवावी. पुष्कळ जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या होत्या. कसणारा मावळा होता. सावकारांचे समाधान मोबदल्याने होऊ शकत होते. मावळ्याचे तर सारे जीवनच पाण्याखाली जाणार होते. कागदावरचा मालक आणि शेतातला मालक निराळे असले, म्हणजे लढा आतूनच दुभंगतो.

आपल्या बापजाद्यांपैकी कित्येक असेच कूळ होते. कुळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसेल त्याची जमीन हे वचन कायद्यात उतरले. हप्त्याहप्त्याने किंमत भरून आपण मालक झालो. परंतु त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९६१ साली, महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम झाला. त्याच कायद्याखालील महामंडळाच्या बारवी धरणाचा पहिला टप्पा १९७२ साली पुरा झाला. पुढे धरणाची उंची वाढविण्यात आली आणि मुरबाड तालुक्यातील गावे-पाडे विस्थापित झाले. ते पाणी आज कारखान्यांबरोबर शहरांची तहानही भागविते, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि पुनर्वसनासाठी व नोकऱ्यांसाठी त्या कुटुंबांना वर्षानुवर्षे झगडावे लागले, हेही विसरता येत नाही.

आपल्या शेजारच्या मुलखाचे अनुभव दोन प्रकारचे आहेत. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी १९७० पासून घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे मान्य झाले. दुसरा अनुभव महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राचा. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांच्या शेतकऱ्यांकडून कौल घेण्यात आला. बहुतेकांनी जमीन देण्यास नकार दिला व ते क्षेत्र साकार झाले नाही. तेथे गोळी झाडावी लागली नाही. शेतकऱ्यास विचारले गेले, एवढाच फरक.

परदेशातही हा वाद गाजला आहे. अमेरिकेतील न्यू लंडन नगरीने व्यापारी विकासासाठी लोकांची राहती घरे घेतली. २००५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते वैध ठरविले. घरे गेली, योजना मात्र फसली व ती जागा वर्षानुवर्षे ओसाड पडली. या निकालानंतर तेथील बहुसंख्य राज्यांना आपले कायदे बदलावे लागले.

आपल्या देशात १८९४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा अमलात आला. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर ८० टक्के आणि सरकार व खाजगी यांच्या भागीदारीतील प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, असे तो म्हणतो. प्रारंभिक अधिसूचनेनंतर ६० दिवसांत हरकत घेता येते. परंतु येथेच पुष्कळांची फसगत होते. महाराष्ट्राने २०१८ साली दुरुस्ती करून औद्योगिक विकास, महामार्ग, नगररचना इत्यादी राज्याच्या कायद्यांखालील संपादन त्या प्रक्रियेतून वगळले. मोबदला नव्या कायद्याच्या धर्तीवर; संमतीची अट मात्र नाही. म्हणून नोटीस हाती येताच पहिला प्रश्न हा विचारावा, की ही कोणत्या कायद्याखालील आहे? औद्योगिक विकास अधिनियमाच्या कलम ३२ खाली आधी कारणे दाखविण्याची नोटीस येते व म्हणणे ऐकले जाते. नंतर राजपत्रात प्रसिद्धी झाली, की जमीन शासनाची होते. बोलावयाचे ते मधल्या काळातच.

शहापूर तालुक्यातील आपल्या बांधवांनी समृद्धी महामार्गाच्या वेळी हे अनुभवले. जमीन द्यावी, बदल्यात नवनगरात विकसित भूखंड आणि काही वर्षे ठराविक रक्कम घ्यावी, अशी मूळ योजना होती. रस्त्याला जमीन लागते हे समजण्यासारखे. परंतु रस्त्यालगतच्या व्यापारी नगरांसाठीही ती का द्यावी, असा प्रश्न गावोगाव उठला. विरोध वाढला आणि २०१७ मध्ये थेट खरेदीचा, पाचपट दराचा मार्ग खुला झाला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला व ७०१ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. मार्ग थांबला नाही हे खरे. पण अटी बदलल्या, त्या लोक बोलले म्हणून बदलल्या.

मालमत्तेचा हक्क १९७८ च्या घटनादुरुस्तीने मूलभूत राहिला नाही, म्हणून तो नाममात्र उरला असे समजू नये. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये कोलकाता महानगरपालिकेच्या खटल्यात अनुच्छेद ३००-अ चा अर्थ उलगडून सांगितला. नोटीस मिळणे, म्हणणे ऐकले जाणे, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, न्याय्य भरपाई, कार्यक्षम व कालबद्ध प्रक्रिया आणि कार्यवाहीची रीतसर पूर्तता, अशी त्याची सात अंगे आहेत. केवळ पैसे देऊ केल्याने सक्तीचे संपादन वैध होत नाही.

परंतु, बंधु-भगिनींनो, नोटीस कोणाला येते? ज्याचे नाव कागदावर आहे त्याला. आपली खरी दुबळी बाजू हीच आहे. कित्येक सातबाऱ्यांवर आजही निवर्तलेल्या आजोबांचे नाव आहे. वारसनोंद झालेली नाही. कित्येक कुळांनी किंमत भरली, पण कलम ३२-म चे प्रमाणपत्र घेतले नाही; तेथे जुन्या जमीनदाराच्या वारसांचा दावा उभा राहू शकतो. मुळशीत मावळ्याचे जे झाले, ते कृषकदिनानंतर इतक्या वर्षांनीही आपल्या वाट्याला यावे काय?

बहिणींविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. वडिलोपार्जित मालमत्तेत कन्येचा हक्क पुत्राइतकाच आहे, हे २००५ च्या दुरुस्तीने व ऑगस्ट २०२० च्या निकालाने निर्विवाद झाले आहे. मोबदल्याची वार्ता आली, की बहिणीला माहेरी बोलावून घाईने हक्कसोडपत्रावर सही घ्यावयाची, ही रीत समाजाला शोभत नाही. अशा घरांतील पैसा पुढे दाव्यांतच अडकतो. तसेच आपल्या बांधाला बांध लागून ठाकर, कातकरी, महादेव कोळी बांधव आहेत. कागदावर जमीन नसली, तरी कसणारा, मजुरी करणारा, रानावर पोट भरणारा यांनाही २०१३ च्या कायद्याने, तो जेथे लागू आहे तेथे, बाधित कुटुंब मानले आहे. त्यांना वगळून आपली एकजूट पुरी होणार नाही.

मोबदला मिळाल्यावरचे संकट तर आणखी निराळे. जमीन दरवर्षी थोडे देते आणि पुढल्या पिढीलाही देते. रक्कम एकदाच येते व मोटार, मांडव, मेजवानी यांत पाहता पाहता निघून जाते. जमिनीच्या बदल्यात शक्य तेथे जमीनच घ्यावी. न जमल्यास मुलामुलींचे शिक्षण व धंद्याचे भांडवल यांसाठी रक्कम बाजूस ठेवावी.

संघाने पुढील चार कामे हाती घ्यावीत, अशी आमची नम्र सूचना आहे. गावोगाव शिबिरे भरवून वारसनोंदी, फेरफार, पीकपाहणी व कुळप्रमाणपत्रे तपासावीत. सातबाऱ्यावरील इतर हक्काच्या रकान्यात नवी नोंद आली काय, हे वर्षातून दोनदा पाहावे. नोटीस आल्यास एकट्याने दलालाच्या कागदावर अंगठा वा सही न करता गावाने एकत्र व लेखी हरकत द्यावी. आणि मोबदला कमी वाटल्यास तो हरकत राखून स्वीकारावा व मुदतीत दाद मागावी. २०१३ च्या कायद्यात निवाड्याच्या वेळी हजर असणाऱ्यास ही मुदत सहा आठवड्यांचीच आहे. यासाठी लागणारा वकिलांचा खर्च संघाच्या निधीतून व्हावा.

विकासाला आमचा विरोध नाही. आपली मुले त्याच कारखान्यांत आणि त्याच शहरांत चाकरी करीत आहेत. परंतु देणारा आणि लुटला जाणारा यांत अंतर असते, व ते अंतर विचारपूस, कागद आणि एकजूट यांनी पडते. पुढील मेळाव्यास आपण जमू, तेव्हा प्रत्येकाने आपला अद्ययावत सातबारा पाहून यावे, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.