निजानीज



मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात, आणि त्यातली बहुतेक वर्षं सकाळच्या सत्रात. पहिली घंटा सात वाजून दहा मिनिटांनी व्हायची. आयोजकांनी मला घर, शाळा आणि मुलांचं स्वास्थ्य या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी त्यातली झोप तेवढी घेते. घर आणि शाळा या दोघांनी मिळून मुलांकडून काय काढून घेतलं, असं मला कोणी विचारलं तर माझं उत्तर हेच असेल.

माझ्या वर्गात, तिसरीत, एक मुलगा होता. प्रार्थनेला उभा असतानाच तो डुलायचा. मी त्याला तोंड धुऊन यायला पाठवायची, कधी बाकावर उभं करायची. प्रगतिपुस्तकात मी लिहिलं, 'वर्गात लक्ष नसते.' ते वाक्य मला आजही बोचतं. त्याच सुमारास गणितात घड्याळाचा धडा आला. मी मुलांना सांगितलं, तुम्ही रात्री झोपता त्या वेळेचे काटे काढा. वह्या तपासायला घेतल्या, तर बहुतेकांचा लहान काटा अकराकडे होता. काहींचा अकराच्या पुढे. मुलं आठ वर्षांची होती. सकाळची रिक्षा गाठायला त्यांना पावणेसहाला उठवलं जात होतं.

तुम्हीच हिशेब करा. अकरा ते पावणेसहा म्हणजे पावणेसात तास. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या झोपेच्या तज्ज्ञांच्या संस्थेनं २०१६ साली सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ ते बारा तास झोप सांगितली. अगदी खालचा आकडा धरला तरी रोज सव्वादोन तास कमी पडतात. शाळेच्या सहा दिवसांत साडेतेरा तास. मुलाची अख्खी दीड रात्र दर आठवड्याला हरवते, आणि रविवारी उशिरापर्यंत झोपू दिलं म्हणून ती भरून येत नाही.

आपल्या भाषेत पहाटेच्या झोपेला साखरझोप म्हणतात. ज्यानं कोणी हे नाव दिलं, त्याला झोपेचं अंतरंग बरोबर कळलं होतं. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते, आणि शरीर वाढवणारं संप्रेरकही तेव्हाच भरपूर स्रवतं. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात एकवटलेली असते. दिवसभर शिकलेलं पक्कं करण्याचं आणि मनातल्या भावना निवळण्याचं काम या दोन्ही झोपांमध्ये वाटलेलं आहे. मूल उशिरा झोपलं आणि पावणेसहाला उठवलं गेलं, तर कात्री लागते ती मुख्यतः साखरझोपेला. अशा मुलाला मग आपण पाढे विचारतो.

झोप अपुरी झालेला मोठा माणूस पेंगतो. मूल पुष्कळदा पेंगत नाही, ते उलट चेकाळतं. खोड्या काढतं, क्षुल्लक गोष्टीवरून रडतं, शेजारच्याला ढकलतं. किती मुलांना मी व्रात्य समजले, ज्यांना खरं तर फक्त झोप हवी होती, ते आता मोजता येणार नाही.

आता शाळेच्या घड्याळाकडे येते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची आहे, म्हणजे मिर्झापूरजवळची. मुंबईचा सूर्य त्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे चालतो. १९०६ साली ही वेळ लागू झाली, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांमधल्या कामगारांनी विरोध केला, कारण भोंगा त्यांना सूर्याच्या हिशेबानं तेवढं आधी उठवणार होता. महापालिका तर त्यानंतरही कित्येक दशकं स्वतःची 'मुंबई वेळ'च पाळत होती. हा इतिहास मी हौसेनं सांगत नाही. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. नागपुरात तो जवळपास वीस मिनिटं आधी वर आलेला असतो. माझ्या शाळेची घंटा जानेवारीत सूर्योदयाच्या आधी वाजत होती. अंधुक उजेडात दप्तर पाठीला लावून उभी राहिलेली ती रांग मी रोज बघत होते, आणि त्यात काही वावगं आहे असं मला कितीतरी वर्षं वाटलं नाही.

डिसेंबर २०२३मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा मुद्दा जाहीरपणे मांडला. फेब्रुवारी २०२४मध्ये शासनानं पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय काढला. लगेच अडचणी पुढे आल्या. एकाच इमारतीत दोन सत्रं चालवणाऱ्या शाळांनी पाचवीपुढचे वर्ग कुठे बसवायचे? बसच्या फेऱ्या कशा जमवायच्या? आईवडील दोघंही आठला घर सोडतात, मग मधला तासभर मुलाला कोण बघणार? या अडचणी खऱ्या आहेत, आणि त्या सांगणाऱ्यांना मी मुलांचे शत्रू मानत नाही. तरीही हा निर्णय मला मोलाचा वाटतो, कारण वेळापत्रक ठरवताना मुलाच्या शरीराचाही विचार करायचा असतो, हे त्यात सरकारी कागदावर आलं.

पण इथे माझं पालकांशी थोडं भांडण आहे. शाळा नऊला भरली म्हणून मूल आपोआप तासभर जास्त झोपेल असं नाही. ते बाराला झोपायला लागलं, तर मिळवलं काय?

मराठीत एक फार सुंदर शब्द आहे, निजानीज. गावात निजानीज झाली, घरात निजानीज झाली. एकट्यादुकट्याच्या निजण्याला हा शब्द वापरत नाहीत. सगळं घर, सगळी आळी हळूहळू शांत होते, तेव्हाच तो वापरता येतो. आपण मुलाला 'जा, झोप' म्हणतो आणि स्वतः मालिका बघत बसतो, मोबाईल सरकवत राहतो. मूल कुठे जाणार? दहा बाय बाराच्या खोलीत ट्यूबलाइट एक, टीव्ही एक, आणि अंथरूणही तिथेच. रात्र झाल्याचं मेंदूला सांगणारं मेलाटोनिन डोळ्यांवर प्रकाश असला की दबतं, आणि लहान मुलांचे डोळे या बाबतीत मोठ्यांपेक्षा जास्त हळवे असतात. दिवा जळत असतो तोवर त्यांच्या शरीरापुरती रात्र सुरूच होत नाही.

जुन्या घरांचे गोडवे मला गायचे नाहीत. तिथे नऊला निजानीज व्हायची, पण शेवटी निजणारी आणि पहिली उठणारी बाईच असायची. आजही पावणेसहाला उठणाऱ्या मुलाच्या डब्यासाठी त्याची आई पाचला उठलेली असते, आणि रात्रीचं ओट्यावरचं आवरून बाराला पडलेली असते. मुलाच्या झोपेबद्दल आपण बोलतो तरी, तिच्या झोपेचा हिशेब कुणी मांडत नाही. डब्याची आणि आवराआवरीची वाटणी घरात झाली नाही, तर मुलासाठी लवकर दिवे मालवणं हेही तिचंच आणखी एक काम होऊन बसेल.

मोठ्या मुलांचं थोडक्यात सांगते. वयात येताना शरीराचं घड्याळच तास-दोन तास पुढे सरकतं. दहावीतला मुलगा अकराच्या आधी झोपत नाही, त्यात आळस किंवा उद्धटपणा दर वेळी नसतो. कॅलिफोर्नियानं हे ओळखून २०१९मध्ये कायदा केला आणि २०२२पासून तिथल्या बहुतेक माध्यमिक शाळांना सकाळी साडेआठच्या आधी भरायची मनाई झाली. आपल्याकडे मात्र सकाळची शाळा, दुपारचं कॉलेज, रात्री नऊपर्यंत क्लास आणि मग 'अभ्यासाला बस'. झोप तोडून वाचलेलं धड टिकत नाही, हे त्या मुलांना कुणीतरी परीक्षेच्या आधी सांगायला हवं.

त्या तिसरीतल्या मुलाकडे परत येते. मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते मुंबईत एका दुकानात नोकरीला होते, रात्री दहाला घरी पोचायचे. मी बरंच सुनावलं. ते ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, "बाई, मला पोरगं भेटतं ते तेवढंच."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ज्याला बेशिस्त समजत होते, ती त्या घरातली मायेची एकुलती एक वेळ होती. दहा ते अकरा. बाप जेवायचा, मूल शेजारी बसून दिवसभराचं सांगायचं. ही वेळ काढून टाका म्हणण्याचा मला काय अधिकार?

ती काढायची नव्हती, हलवायची होती, हे त्याच्या आईला सुचलं. मुलानं नऊला झोपायचं. सकाळी सहाला त्याला बाबा उठवणार, आंघोळ घालणार, आणि रिक्षा बंद करून चालत शाळेत सोडणार. पहिला आठवडा वाईट गेला. पोर रात्री बाबांसाठी रडायचं, आणि आईला ते बघवेना. मला दोनदा वाटलं, सांगावं की राहू द्या. नंतर ते रुळलं. वर्गात तो एकदम हुशार झाला नाही. पाढे तसेच अडखळत राहिले, पण डुलणं थांबलं. मधल्या सुट्टीत तो मला रस्त्यावरच्या गोष्टी सांगू लागला. दुधाच्या गाडीतून किती क्रेट उतरले, बाबांनी कोणत्या पक्ष्याचं नाव सांगितलं, रेल्वे फाटकाशी किती वेळ थांबावं लागलं.

शनिवारी रात्री मात्र तो अकरापर्यंत जागायचा, बाबांसोबत. ती मुभा त्या दोघांनी आपापसात ठरवली होती, आणि मी त्याला हरकत घेतली नाही.