किल्ली देताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आमचं जुनं घर आहे. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मागे पडवी आणि पडवीच्या मागे विहीर. सासूबाई होत्या तोवर घर हलतं-बोलतं होतं. त्या गेल्यावर वर्षातले अकरा महिने कुलूप. आणि कोकणातलं बंद घर म्हणजे वाळवीला दिलेलं आमंत्रणच! घरात माणसांचा वावर राहावा, कौलं शाकारण्याचा खर्च तरी निघावा, म्हणून आम्ही ते सुट्टीत येणाऱ्या कुटुंबांना राहायला देऊ लागलो.

यात आम्ही काही नवीन केलं असं नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि मुंबई-पुण्याची माणसं कोकणात नुसती गावी न येता ‘फिरायला’ येऊ लागली. पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेतून कितीतरी घरांनी आपल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या. पण तिथे यजमान घरातच असतो. काही लागलं तर पाहुणा हाक मारतो. आमचा प्रकार वेगळा. आम्ही किल्ली देतो आणि अख्खं घर तीन-चार दिवस पाहुण्यांच्या स्वाधीन करतो. आम्ही पुण्यात, देखभाल करणारे काका-काकू चार घरं पलीकडे. तेव्हा हाक मारायच्या आधीच वस्तू जागेवर असायला हवी. ती कोणती, हे शिकण्यात माझी काही वर्षं गेली. तेच आज सांगणार आहे.

सुरुवातीला मी काय केलं? पडदे घेतले. जुळणाऱ्या चादरी घेतल्या. ओटीवर पितळी समई मांडली, न्हाणीघरात कागदात गुंडाळलेले दोन-दोन साबण ठेवले. पहिले पाहुणे रात्री साडेनऊला पोहोचले आणि त्यांचा फोन आला, ‘‘ताई, घर सुंदर आहे. फक्त दिव्याचं बटण सापडत नाहीये.’’ जुन्या घरातली बटणं दाराच्या मागे असतात, हे मला ठाऊक. त्यांना कसं ठाऊक असणार?

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. वर्षातून एकदा आपल्याच घरात पाहुणी म्हणून जायचं. पिशवी हातात घेऊन, अंधार पडल्यावर, कुणालाही काही न विचारता. मग कळतं, की आल्या-आल्या पहिल्या दहा मिनिटांत माणसाला फार थोड्या गोष्टी लागतात. उजेड, प्यायला पाणी, स्वच्छ संडास, हातपाय धुवायला जागा आणि घोटभर चहा. आपल्याकडे दारात आलेल्याला गूळपाणी द्यायची जी पद्धत होती, तिच्यात हाच शहाणपणा होता. उन्हातून आलेल्याला आधी काय हवं, ते आधी. आजही आमच्या ओटीवर माठ भरलेला असतो आणि शेजारी बरणीत गूळ. लहान मुलं पहिली उडी त्या बरणीवरच मारतात.

स्वयंपाकघराचं म्हणाल, तर तिथे फार भांडी नकोत, पण नेमकी हवीत. मीठ, साखर, चहापूड, तेल, हळद, तिखट, काडेपेटी एवढं आम्ही ठेवतोच. कारण तीन दिवसांसाठी कुणी पावकिलो मीठ विकत घेऊ नये. चहाचं भांडं, गाळणं, कुकर, तवा, आणि धार असलेली सुरी. बोथट सुरीने वैतागलेल्या किती गृहिणी मी पाहिल्या! विळी ठेवली होती, पण नव्या पिढीला तिच्यावर बसता येत नाही आणि लहान मुलं घरात असली की तिची भीतीच, म्हणून ती आता काकूंकडे असते. गॅसचं दुसरं सिलिंडर भरलेलं हवं, आणि ते बदलायला कुणाला बोलवायचं, तेही लिहिलेलं हवं. आमच्या गावात दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात. दूध सकाळी आठपर्यंतच मिळतं. काकूंच्या हातचे घावन किंवा उकडीचे मोदक हवे असतील, तर आदल्या संध्याकाळी सांगावं लागतं. पाहुणा येण्याआधीच हे कळवलं, तर त्याची चिडचिड होत नाही आणि काकूंचीही धावपळ वाचते.

न्हाणीघरात एक साधं प्लॅस्टिकचं स्टूल ठेवा. एका आजींना खाली बसून आंघोळ जमेना, उभं राहायची भीती वाटे. दोन दिवस त्या बिचाऱ्या नुसत्या अंग पुसून घेत होत्या. कुणाला सांगायचाही संकोच. साध्या स्टुलावाचून एका वृद्ध बाईची सहल अडली, याची मला फार लाज वाटली. आता स्टूल आहे, भिंतीला धरायला लोखंडी दांडा आहे, आणि बसायचा कमोडही आहे. मागच्या दारी पाय धुवायला बादली-तांब्या आणि ओले कपडे वाळत घालायला लांब दोरी व चिमटे. त्याआधी समुद्रावरची निम्मी वाळू आमच्या माजघरात येत असे आणि ओले टॉवेल खुर्च्यांच्या पाठीवर वाळत.

काही गोष्टी मात्र वस्तूंच्या नसतात, सांगण्याच्या असतात. ‘माडाखाली गाडी लावू नका’ ही त्यातली पहिली. शहरातला माणूस सावली बघतो आणि बरोब्बर माडाखाली गाडी लावतो. वरून नारळ पडला की काच गेलीच, आणि खाली माणूस असला तर विचारायलाच नको. सुकलेली झावळीही काही हलकी नसते. दुसरी गोष्ट विहिरीची. आमच्या विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. मे महिन्यात पाणी तळाला जातं, हेही आम्ही लपवत नाही. ‘या दिवसांत माणशी बादल्या मोजूनच वापरा’ असं आधीच कळवतो. ज्यांना नको असेल ते येत नाहीत. जे येतात ते नीट वागतात.

आणि विंचू. हे सांगितलं तर पाहुणे घाबरतील, असं आमच्या घरातल्यांचं म्हणणं होतं. पण जांभ्याच्या भिंतीत, लाकडांच्या ढिगात, कौलांच्या फटीत विंचू असतो हे खरं आहे. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने एके काळी कितीतरी माणसं, विशेषतः मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर आयुष्यभर काम केलं आणि प्राझोसिन या औषधाने हे रोगी वाचवता येतात, हे दाखवून दिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे उपाय आहे, फक्त वेळेत डॉक्टरांपर्यंत पोहोचायला हवं. म्हणून आमच्याकडे प्रत्येक खोलीत विजेरी आहे, रात्री चपला झटकून घाला, अंथरूण झटकून घ्या अशी सूचना आहे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा, गावातल्या रिक्षावाल्याचा व काकांचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत दाराच्या मागे लावला आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर मदतीसाठी ११२ हे आकडेही त्यातच. हे वाचून आजवर कुणी परत गेलेलं नाही.

पण श्रोतेहो, हा शहाणपणा मला आपोआप आलेला नाही. त्यामागे एक संध्याकाळ आहे.

एका डिसेंबरात एक कुटुंब आलं होतं. नवरा-बायको, बारा वर्षांचा मुलगा, धाकटी मुलगी आणि आजी. योगायोगाने मीही गावात, काकूंकडे उतरले होते. दुपारी साडेचारच्या सुमाराला काका माडाच्या आळ्यांना पाणी लावून आले आणि म्हणाले, ‘‘वहिनी, पाहुणे दिसत नाहीत?’’

‘‘समुद्रावर गेलेत,’’ मी म्हटलं.

काका थबकले. ‘‘परवा अमावास्या झाली. आज द्वितीया, उधाणाचं पाणी. ओहोटीला जोर असणार. कुठे उतरलेत ते?’’ आणि उत्तराची वाट न बघता ते चालूही लागले. त्यांना इतकं भरभर चालताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

मुलगा आणि त्याचे वडील खाडीच्या मुखाशी उतरले होते. तिथे लाटा कमी, पाणी संथ दिसतं, म्हणून. पण ओहोटीला सगळ्या खाडीचं पाणी त्याच वाटेने बाहेर ओढलं जातं. आम्ही पोहोचलो तेव्हा मुलगा गळ्याइतक्या पाण्यात होता, आणि वडील त्याच्याकडे जायला बघत होते तेवढे तेही ओढले जात होते. काठावर जाळी विणत बसलेल्या दोघा मच्छीमारांनी होडी ढकलली, दोर फेकला. दोघेही बाहेर आले. सगळं मिळून फार तर दहा मिनिटं. त्या मुलाची आई वाळूत बसून होती. तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

रात्री वडील ओटीवर येऊन बसले. मला वाटलं, आता रागावतील. पण ते शांतपणे म्हणाले, ‘‘ताई, तुमच्या घरात सगळं होतं हो. टूथपेस्टसुद्धा होती. समुद्राचं तेवढं कुणी सांगितलं नाही.’’

मी काय उत्तर देणार? आमच्या गावच्या पोरासोरांनाही जे माहीत असतं, ते मी पाहुण्यांना सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, ते सगळ्यांनाच माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडून हिशेब समजून घेतला. आमच्या किनाऱ्यावर कोळ्यांचा जुना ठोकताळा असा, की जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि बारा तासांहून थोड्या अधिक वेळाने पुन्हा भरती. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी. मिनिटांचा हा हिशेब नव्हे, पण पाण्यात कधी उतरायचं नाही हे कळायला पुरेसा आहे.

तेव्हापासून आमच्या ओटीवर एक काळा फळा आहे. त्यावर काका रोज सकाळी तीन ओळी लिहितात. आजची तिथी, भरतीची वेळ, ओहोटीची वेळ. खाली मी कायमच्या रंगाने लिहून घेतलं आहे, ‘खाडीच्या मुखाशी उतरू नये. ओहोटी लागल्यावर गुडघ्याच्या पुढे जाऊ नये. पाणी ओढू लागलं तर त्याच्याशी झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला यावं. पावसाळ्यात समुद्रात उतरूच नये.’ किल्ली देताना काका पाहुण्यांना आधी त्या फळ्यासमोर उभं करतात, मग कुलूप उघडतात.

ज्यांना आपलं घर असं द्यायचं असेल, त्यांना मी एवढंच सांगेन. चादरी स्वच्छ हव्यात, उशा उन्हात वाळवलेल्या हव्यात, ते सगळं कराच. पण आधी एक कोरा कागद घ्या आणि या गावात तुम्हाला लहानपणी ज्या-ज्या गोष्टींबद्दल दटावलं गेलं, त्या लिहून काढा. कुठे जायचं नाही, काय हाताळायचं नाही, कधी घरी परतायचं. घरच्या मुलांना आपण जे सांगतो, तेच पाहुण्यांच्या मुलांनाही सांगायला हवं.

त्या कुटुंबातला मुलगा पुढे दोन वर्षांनी पुन्हा आला, आईवडिलांबरोबरच. आल्या-आल्या फळ्यासमोर उभा राहिला आणि धाकट्या बहिणीला तिथीची पाऊणपट समजावू लागला. काका लांबून ऐकत होते. हिशेब बरोबर होता.